आजोबा निघाले कुठे?

चितारीण हे नाव तिला सासऱ्यांनी ठेवलं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तिच्या सामानात कपड्यांपेक्षा कागदच जास्त निघाले. सासरे म्हणाले, "सून मागितली होती, चितारीण आली." बोलणं कौतुकाचं आहे हे तिला तिथल्या तिथे कळलं, कारण लगेच त्यांनी खिडकीजवळचं स्वतःचं टेबल रिकामं करून तिला देऊन टाकलं. पुढे घरात, जिन्यात, दूधवाल्याच्या तोंडीसुद्धा ती चितारीणच झाली. खऱ्या नावाने हाक मारली तर तिलाच वळायला वेळ लागायचा.

ती लहान मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढायची. लबाड कोल्हा, झोपाळू राक्षस, हावरी म्हातारी, बडबडगीतं, आणि लोककथा संपल्या की रोजचं घर: दात घासायचा कंटाळा, रुसवे, अर्धा परत आलेला डबा. या धंद्यातल्या माणसांना एक वाईट खोड असते. समोर काहीही घडो, ती ते आधी चित्र म्हणून बघतात. एकदा खालच्या मजल्यावरची काकू जिन्यात पाय मुरगळून बसली. बाकीचे पाणी आणायला धावले, आणि चितारीण जागच्या जागी उभी, कारण काकूची वेणी कठड्यातून कशी लोंबतेय ते तिला डोळ्यांत साठवून घ्यायचं होतं. पाणी तिनेही आणलं, पण सगळ्यांच्या शेवटी. काकूने ते पुढे बरेच दिवस ऐकवलं आणि चितारिणीने ते हसण्यावारी नेलं.

सासऱ्यांनी आयुष्यभर बस चालवली होती. सासूबाई गेल्यावर ते थोडे गप्प झाले, पण चेष्टामस्करीची सवय सुटली नव्हती. एका सकाळी चितारीण टेबलाशी बसली होती, आणि सासरे स्वयंपाकघराच्या दारात उभे दिसले, एका हातात किटली, दुसऱ्या हातात बूट. ना आत, ना बाहेर. एकदा किटलीकडे बघत होते, एकदा बुटाकडे.

"बाबा, हलू नका," ती ओरडली. "तस्सेच थांबा."

ते थांबले. "सिग्नल लागला म्हणायचा," ते म्हणाले. "हिरवा झाला की सांग."

तिने भराभर पेन्सिल चालवली. हसू आवरत नव्हतं. "झाला हिरवा."

"मग गाडी कुठे घ्यायची?"

"किटली ओट्यावर, बूट पायात. उलटं नका करू."

"बरं," म्हणून ते गेले. दोघंही पोट धरून हसले. त्या दिवसापासून ती तऱ्हाच होऊन बसली. सासरे पॅसेजमध्ये उभे दिसले, कपाटाचं दार उघडून उभे दिसले, चष्मा डोळ्यांवर असताना उशीखाली चाचपताना दिसले, की ही म्हणायची थांबा, आणि ते थांबायचे. चष्म्याच्या वेळी ती म्हणाली, "काखेत कळसा," आणि ते म्हणाले, "गावाला वळसा. पण एवढा वळसा घालायचा तर डिझेल कोण भरणार?" असं उत्तर ज्याला पटकन सुचतं त्याच्या डोक्यात काही बिघाड असेल असं कुणाला वाटेल?

चित्रं साठत गेली तशा ओळीही जुळत गेल्या.

किल्ली निघाली साखरेत,
साखर निघाली कपाटात,
कपाट शोधत आजोबा
पोचले शेजारच्या घरात!

यातलं शेजारचं घरही तिने काही कल्पनेने काढलं नव्हतं. एका दुपारी सासरे खालच्या काकूच्या घरात जाऊन सोफ्यावर बसले आणि चहा मागितला. काकू चहा पाजून त्यांना वर घेऊन आली. "हे बघा तुमचे पाहुणे," ती म्हणाली. सासरे म्हणाले, "तुझ्यापेक्षा काकू चहा चांगला करते, म्हणून गेलो." चितारिणीने त्यांना आपल्या सोफ्यावर तसंच परत बसायला लावलं, गुडघे जुळवून, हात मांडीवर ठेवून, आणि ते पान पुस्तकातलं सगळ्यात चांगलं पान झालं.

पुस्तकाचं नाव ठरलं, 'आजोबा निघाले कुठे?' प्रकाशनाच्या ऑफिसात संपादिकाबाईंनी कच्ची चित्रं लांबलचक टेबलावर मांडून पाहिली. त्या मोजकं बोलणाऱ्या बाई होत्या. सगळी पानं बघून झाल्यावर म्हणाल्या, "छान आहे. फक्त डोळे बदला."

"का?"

"म्हातारा घाबरलेला दिसतोय. मुलं हसणार कशी?"

चितारिणीने वाकून पाहिलं. खरंच होतं. प्रत्येक पानावर आजोबांचे डोळे मोठे आणि कुणाला तरी शोधत असल्यासारखे आले होते. तिने ते मुद्दाम तसे काढले नव्हते. समोर जसं दिसलं तसं हाताने उतरवलं होतं. "घाईत काढलेत हो," ती म्हणाली. "रेष बिघडली." घरी येऊन तिने रबर घेतलं, सगळ्या पानांवरचे डोळे पुसले आणि तिथे दोन दोन टपोरे ठिपके दिले. मिशांची टोकं वर वळवली. आजोबा एकदम गमतीदार दिसायला लागले. ते करताना तिने रेडिओ लावला होता आणि बरोबर गुणगुणतही होती.

पुस्तक छापून आलं तेव्हा नणंद रविवारची आली होती. ती शिवणाचे वर्ग चालवते, बोलणंही कात्रीसारखं सरळ. तिने पानं उलटली, परत मागे गेली, परत पुढे आली.

"बाबांची अशी टिंगल करायची?" ती म्हणाली. "आणि बाबा असे कधी नव्हते."

"ताई, प्रेमाने केलंय मी."

"प्रेमाने केलं की झालं का सगळं?"

रात्रीच्या जेवणाला चितारीण नवऱ्याला म्हणाली, "ताईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्यात. पुस्तकात त्यांचं चित्र नाही ना." नवरा लिफ्ट दुरुस्त करतो, दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून येतो, त्यामुळे घरात तो कुणाचीच बाजू घेत नाही. तो हसला आणि जेवत राहिला. नणंद आधी दोन वाक्यं बोलली होती. चितारिणीच्या कानात पहिलंच राहिलं, आणि त्याचाच तिला राग आला.

सासऱ्यांना मात्र त्या पुस्तकाने नवी पालवी फुटली. बगलेत पुस्तक मारून ते औषधाच्या दुकानात जायचे, न्हाव्याकडे जायचे, बाकावरच्या म्हाताऱ्यांना दाखवायचे. "हा मीच," ठिपक्यांच्या डोळ्यांवर बोट ठेवून सांगायचे. आणि त्यानंतर त्यांचं काही विसरलं, हरवलं, चुकलं, की त्यांच्याकडे उत्तर तयार असायचं. नळ वाहता राहिला: "दुसऱ्या भागाची तयारी." सुनेला एकदा मुलीच्या नावाने हाक मारली, एकदा चक्क बायकोच्या: "लिहून ठेव, पुस्तकात घे." घरात सगळे हसायचे. अशा हसत्या घरात कोण कशाला मोजत बसेल, की हे आठवड्यातून एकदा व्हायचं ते आता रोज व्हायला लागलंय.

दुसरा भाग संपादिकाबाईंनाही हवा होता. त्याआधी वाचनालयात मुलांसाठी कार्यक्रम ठेवला. खुद्द आजोबा येणार म्हटल्यावर बालविभागातल्या बुटक्या खुर्च्या भरून मुलं जमिनीवरही बसली. सासऱ्यांनी जुनी ड्रायव्हरची टोपी घातली होती. सगळं गाणं त्यांनी पुस्तक न उघडता म्हटलं, एक शब्द चुकला नाही. मुलांनी प्रश्न विचारले, त्यांनी एकेकाची फिरकी घेतली. चितारीण कोपऱ्यात कागद मांडीवर घेऊन बसली होती आणि तिला त्यांचा फार अभिमान वाटत होता.

शेवट आधीच ठरला होता. मुलांनी एका सुरात विचारायचं, "आजोबा निघाले कुठे?" आजोबांनी म्हणायचं, "घरी!" आणि दारातून बाहेर जायचं. मुलांनी विचारलं. सासऱ्यांनी टोपी हलवली, "घरी," म्हणाले, वळले. भिंतीत शेजारी शेजारी दोन दारं होती. त्यांनी एक उघडलं, आत गेले आणि दार लावून घेतलं.

ती अडगळीची खोली होती. मुलांना ते माहीत होतं. अख्खा बालविभाग हसून लोटपोट झाला. ग्रंथपाल टाळ्या वाजवत म्हणाल्या, "काय नट आहेत हो तुमचे सासरे!" चितारिणीच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. तिने कागद उलटला आणि ते बंद दार काढायला घेतलं, समोर हसणारी मुलं, एकीची रिबीन सुटलेली. दार उघडेना. तसं हसू आणखी वाढलं. ती काढतच राहिली. मग हळूहळू हसू विरलं, मुलं एकमेकांकडे बघायला लागली, आणि पुढे बसलेली एक छोटी मुलगी दाराकडे बघून म्हणाली, "आजोबा, आता पुरे."

तेव्हा चितारीण उठली.

आत अंधार होता. मोडक्या खुर्च्या, झाडू, गुंडाळलेले नकाशे. सासरे दाराकडे पाठ करून उभे होते, एक हात नकाशाच्या गुंडाळीवर तसाच धरलेला. अजिबात हलत नव्हते.

"झालं का गं?" त्यांनी मागे न बघता विचारलं. "हिरवा झाला?"

"बाबा, इथे का थांबलात?"

"तूच म्हणालीस ना, थांबा."

"मी नाही म्हणाले, बाबा."

त्यांनी गुंडाळीवरचा हात काढला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मग कोण म्हणालं?" उत्तराची वाट न बघता तेच पुढे बोलले, अगदी सहज, हवापाण्याचं बोलावं तसे. "तू थांबा म्हणालीस ना, की बरं वाटतं मला. नाहीतर कुठे निघालो होतो ते आठवत बसावं लागतं."

तिने त्यांचा हात धरला आणि त्यांना बाहेर आणलं. मुलांनी टाळ्या पिटल्या. सासऱ्यांनी टोपी उंचावली. चितारिणीला त्या टाळ्यांत मेल्याहून मेल्यासारखं झालं. खुर्चीवर तिचा कागद तसाच पडला होता, बंद दाराचा, आणि ते चित्र चांगलं आलं होतं. तिने त्याचा बोळा केला, पण फेकायचा कुठे ते कळेना म्हणून पर्समध्ये कोंबला.

घरी आल्यावर सासरे खुशीत झोपले. ती टेबलाशी बसू शकली नाही. हे टेबलही त्यांचंच. या घरात त्यांच्याकडे तिच्याइतकं निरखून कुणी पाहिलं नव्हतं. त्यांच्या कोपराला पडलेली घडी तिला माहीत होती, उभं राहताना कुठल्या पायावर भार देतात ते माहीत होतं. दारात उभा असलेला माणूस घाबरलाय, हे तिच्या हाताला पहिल्या दिवसापासून कळत होतं. संपादिकाबाईंनाही कळलं, त्यांनी ते तोंडावर सांगितलं, आणि हिने काय केलं, तर रबर घेतलं. आंधळ्याला दिसलं नाही तर त्याला कुणी दोष देत नाही. हिने तर दिसलेलं पुसलं होतं. बुडणाऱ्या माणसाला, जरा हात वर धरा, छान दिसतोय, म्हणण्यातला हा प्रकार. तिला स्वतःची किळस आली, आणि ती किळस काही केल्या जाईना. तोंड धुतलं, भांडी घासली, घासलेली भांडी परत घासली.

दुसऱ्या दिवशी संपादिकाबाईंचा फोन आला. वाचनालयातली गंमत त्यांच्यापर्यंत पोचली होती. "ते अडगळीच्या खोलीचं नक्की घ्या हं दुसऱ्या भागात."

"दुसरा भाग मी करत नाहीये."

"अहो, का?"

"आजोबांना वेळ नाही," ती म्हणाली. तिच्या तोंडून हे असं काहीतरीच गेलं, आणि पलीकडे बाई खळखळून हसल्या. फोन ठेवल्यावर तिला त्याचीही लाज वाटली. खरं सांगायची वेळ आली तरी हिच्या तोंडून विनोदच निघावा.

नवऱ्याला सांगताना तिने काही लपवलं नाही. तो बराच वेळ हातातल्या पान्याचं टोक नखाने खरवडत बसला. "मलाही वाटत होतं," तो म्हणाला. "मागे एकदा त्यांनी मला विचारलं, की तुमची लिफ्ट कितव्या मजल्यावर अडकलीय. मी त्यांचा मुलगा आहे हे त्यांच्या लक्षात नव्हतं. मी तेव्हाच त्यांना घेऊन जाणार होतो कुणाकडे तरी. मग तुझं पुस्तक आलं. म्हटलं, गंमतच करत असतील." तो हे तिला लावून बोलला नव्हता. त्यामुळेच ते जास्त लागलं.

नणंदेला फोन करताना तिने मनाची तयारी केली होती. चार शब्द ऐकून घ्यायचे, उलट बोलायचं नाही. नणंदेने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "डॉक्टरांकडे कधी न्यायचं? मीही येते." बस, एवढंच. तरी मी सांगत होते, असं एका शब्दाने म्हणाली नाही. शिव्या घातल्या असत्या तर चितारिणीला रडता तरी आलं असतं.

डॉक्टरीणबाईंची खोली लहान होती. टेबलाच्या अलीकडे तीन खुर्च्या: मध्ये सासरे, एका बाजूला लेक, एका बाजूला सून. मुलगा कामावर अडकला होता, किंवा त्याला यायचं नव्हतं, दोन्ही खरं असेल. सासऱ्यांनी येताना पुस्तक बगलेत घेतलंच होतं. नको म्हणायचं धाडस कुणी केलं नाही.

"काय त्रास होतोय, आजोबा?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"त्रास मला नाही, या दोघींना आहे. हे बघा, हा मीच." त्यांनी पुस्तक टेबलावर उघडून दिलं.

बाई चांगल्या होत्या. त्यांनी पानं उलटून बघितली. साखरेच्या पानावर हसल्या, सोफ्याच्या पानावर मोठ्याने हसल्या. मग पुस्तक मिटून विचारलं, "घरी हे असं होतं तुम्हाला?"

"होतं कसलं? करतो. सूनबाईला चित्रं लागतात. पोटापाण्याचा प्रश्न आहे तिच्या."

"आज वार कोणता?"

"माझे वार संपले. रिटायर झालो ना. आता रोज रविवार."

"कुठल्या मजल्यावर राहता?"

"खालच्या काकूच्या वर."

उत्तरं झटपट येत होती, आणि एकाही उत्तरात उत्तर नव्हतं. चितारिणीला ते आता स्वच्छ दिसत होतं, आणि त्याला लागलेली मेहनतही दिसत होती. प्रत्येक उत्तरानंतर त्यांच्या कपाळावर घाम येत होता आणि ते टोपीने टिपत होते. डॉक्टरीणबाईंनाही काही ठरवता येईना. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि चितारिणीकडे वळून म्हणाल्या, "पुस्तक तुमचं आहे. तुम्हीच सांगा. हे खरंच घडतं, का पुस्तकासाठी करतात?"

सासऱ्यांनी मान वळवून सुनेकडे पाहिलं. तोंडावर हसू होतं. पण टेबलाखाली त्यांनी तिच्या कुर्त्याची बाही दोन बोटांत पकडली होती आणि हळूच ओढत होते. सांग ना, पुस्तकासाठी. एवढं एक वाक्य ती बोलली असती, तर सगळे हसत घरी गेले असते, आणि त्यांच्या अंगावरचं ते शेवटचं पांघरूण राहिलं असतं. ते पांघरूण तिनेच विणून दिलं होतं. पण त्याच्या आत ते रोज थोडे थोडे हरवत चालले होते, आणि औषध काय ते आताच सुरू झालं तर उपयोगाचं, हे नवऱ्याने औषधवाल्याला विचारून सांगितलं होतं. नणंद खाली फरशीकडे बघत बसली होती. तिने एक शब्दही सुचवला नाही. जिने केलं तिनेच ते निस्तरावं, असं तिला वाटत असावं, आणि ते बरोबरच होतं.

"खरं आहे," चितारीण म्हणाली. "सगळं खरं आहे. किटली, साखर, खालचं घर. ते करत नव्हते, त्यांचं होत होतं. कुठे निघालोय ते त्यांना कळत नसायचं. मी नुसती चित्रं काढत बसायचे."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि लिहायला घेतलं. सासऱ्यांच्या हातातून बाही सुटली. त्यांनी पुस्तक स्वतःकडे ओढलं, पण उघडलं नाही. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं, आणि विनोद सुचायची वाट बघून झाल्यावर, काहीच सुचलं नाही तेव्हा, त्यांनी तिला विचारलं. रागाने नाही. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"मग तू हसत का होतीस?"